खाली हाय का?

पंचफुला सोनकांबळे भेटली तवा मला वाटलं, ही एक तर बहिरी हाय, न्हाईतर येडी. लातूरच्या टेलिफोन एक्स्चेंजात आम्ही बाया ओळीनं बसायचो. कानाला हेडफोन, हातात दोऱ्या, समोर बोर्डावर नुस्ती भोकंच भोकं. मी नवी होते. सुपरवायझरबाईंनी मला हिच्या शेजारी बसवलं आन म्हणल्या, "हिच्याकडं बघून शिक." मी बघितलं, तर बाई प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायली. कुणी उदगीरचा नंबर मागितला की लगेच, "परत सांगते हं," आन सगळा नंबर पुन्हा पहिल्यापासून. बहिरी न्हवती, येडीबी न्हवती. लई भित्री होती.

भित्री म्हणजे किती? ड्युटीला निघाली की गल्लीच्या तोंडापर्यंत यायची आन परत फिरायची, स्टो बंद केला का बघायला. घरात तिची माय, नागुबाई, त्या स्टोच्याच बाजूला बसलेली असायची. मी म्हणायचे, "आगं, माय काय जळू देईल का घर?" तर म्हणायची, "तसं न्हवं शिवकन्या, पण बघितलेलं बरं." मला अशा माणसाचा राग येतो. पण हिच्यावर राग धरून राहणं मला कधी जमलं न्हाई.

मी औशाकडची. घरी शेतीवाडी, भावकी मोठी, भांडायला माणसं भरपूर. पंचफुलाला एक माय सोडली तर कुणी न्हाई. बाप लवकर गेला. बहात्तरच्या दुष्काळात नागुबाई पाझर तलावाच्या कामावर होती, तिथं धोंडा घरंगळून पायावर आला. पाय राहिला, पण गुडघा वाकायचा बंद झाला. पुढं किती वर्षं या बाईनं बसून खडी फोडली आन पोरीला मॅट्रिक केलं. दंड बघावं तिचे, पैलवानाचे वाटायचे. लग्नाचं पंचफुलाचं जमलं न्हाई, आन तिनंबी फार मनावर घेतलं न्हाई. मायला सोडून जायचं कुठं, हाच तिचा सवाल असायचा.

दोघी गंजगोलाईच्या बाजारामागं एका खोलीत भाड्यानं राहायच्या. खोली अंधारी, पण दार गल्लीत उघडायचं. नागुबाई सकाळपासून उंबऱ्यावर. बांगडीवाली, कल्हईवाला, शाळेतली पोरं, सगळी तिच्याशी दोन शब्द बोलल्याबिगर पुढं जात नसत. घरातून उंबरा आन उंबऱ्यावरून घर, एवढंच तिचं जग, पण त्यात सगळं लातूर येऊन जायचं. म्हणून पंचफुलाला घराचं एकच कळायचं. घर कसंबी असो, तळमजल्यावर पाहिजे.

मंग लातूरचा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांच्या मागं त्यांचे कारकून आले, आन सगळ्यांना राहायला खोल्या पाहिजेत. घरमालकांना तर डोक्याला शिंगं फुटली. वर पाऊस सलग दुसऱ्या साली दगा देऊन गेला होता, खेड्यातली माणसं निघून लातूरला यायली होती. पंचफुलाच्या घरमालकानं सांगितलं, संक्रांतीपर्यंत खोली मोकळी करा.

मी तिच्यासंगट खोल्या बघत फिरले. तवा मला कळलं की मी लातुरात राहत होते ते एक लातूर आन पंचफुला राहत होती ते दुसरंच. दारावर जायचं. बाई हसून या म्हणायची, पाणी द्यायची. मंग विचारायची, "आडनाव काय म्हणलात?" ही सांगायची. मंग बाई आत जायची, कुणाशी तरी कुजबुजायची, आन बाहेर येऊन म्हणायची, "खोली खाली न्हाई वो."

पहिल्या दारी मला काही समजलं न्हाई. दुसऱ्या दारी समजलं. तिसऱ्या दारी मी सोडलं न्हाई. तिथं तर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी ठसठशीत पाटीच होती. मी म्हणलं, "खाली न्हाई, तर मंग ही पाटी काय दृष्ट लागू नये म्हणून टांगली का?" पंचफुलानं मला ओढत गल्लीबाहेर आणलं. मी म्हणलं, "मी एकटी जाऊन विचारते, मला देतील." तर म्हणली, "आन राहायला कोण, तूच येणार का?"

त्या दिवशी चालता चालता तिनंच विषय काढला. "विकत घेतलं तर? विकत घेणाराला कोण विचारतंय?" तिची शिल्लक होती, हापिसातनं कर्ज मिळत होतं. गोलाईपासून जवळच एक तीन मजली नवी बिल्डिंग उठली होती. लातुरात तवा अपार्टमेंट हा शब्दबी नवा, आमचा चहावाला त्याला पेटारमेंट म्हणायचा. खालून बाजाराचा कलकलाट, आन एकेक घर म्हणजे दीड खोली, मोरी आन पाय ठेवण्यापुरती गॅलरी. पण दार आपलं, कुलूप आपलं.

ती घरं विकायला व्यंकटराव नावाचा दलाल होता. जन्म मोंढ्यात गेलेला माणूस. दुष्काळानं मोंढ्यात माल येईना, तवा तुरी-करडईची दलाली सोडून गडी घरांच्या दलालीत शिरला होता. धोतर मोंढ्याचं, जबान मोंढ्याची. आडनाव विचारलं न्हाई एवढ्यावरच पंचफुला अर्धी विरघळली. मी तिथंच होते, म्हणून शब्दाला शब्द सांगते.

तिनं विचारलं, "पण दादा, खाली हाय ना?"

"हाव ताई, खालीच हाय की."

"न्हाई, माझी माय पायानं अधू हाय, म्हणून विचारते. खाली पाहिजे."

"आवं एकदम खाली हाय! कुणाला शब्द दिलेला न्हाई, कुणाचं बोलणं न्हाई. तुमच्यासाठीच राहिलंय म्हणा."

आता मागून सगळे शहाणे होतात, मीबी झाले. 'कुणाला शब्द दिलेला न्हाई' म्हणला तवाच कळायला पाहिजे होतं. मोंढ्यातल्या माणसाला खाली म्हणजे काय? पोतं खाली, गाडी खाली, गोदाम खाली. रिकामं! आन आम्ही तरी दिवसभर बोर्डावर काय बोलायचो? "नांदेड, लाईन खाली हाय का?" अख्खी नोकरी खाली म्हणजे रिकामं म्हणण्यात गेली. पण तिला खाली पाहिजे होतं ते जमिनीलगतचं, म्हणून तिनं तेच ऐकलं. तळमजल्यावरचं एक घर उघडं होतं, ते व्यंकटरावनं दाखवलं आन म्हणला, "सगळी एकसारखीच हायत." पंचफुलाला वाटलं, हेच आपलं. इसाराच्या पावतीवर घर नंबर नऊ लिहिलं होतं. नंबर तिनं दोनदा वाचला. पण तो खाली शब्द, तो तिनं एकदाबी परत वाचून दाखवला न्हाई.

घरी नागुबाईला सांगितलं तर म्हातारी पोरीसारखी हरखली. दारापुढं मोगऱ्याचं डबडं ठेवीन म्हणली. कल्हईवाल्याला पत्ता देऊन झाला, बांगडीवालीला निमंत्रण झालं. "माझ्या लेकीचं घर हाय, खालीच हाय, या बसायला." गल्लीत येईल-जाईल त्याला हेच.

कागद झाला. किल्ली घ्यायला आम्ही दोघी भर दुपारी गेलो. व्यंकटराव पुढं, आम्ही मागं. तळमजल्याचं दार आलं, पंचफुला थांबली. व्यंकटराव जिना चढायला लागला.

"आवं दादा, कुठं निघालात?"

"घर दाखवायला."

"घर तर हे हाय ना?"

"हे शंकरप्पाचं. तेलाचं दुकान हाय बघा त्यांचं. तुमचं नऊ नंबर, तिसऱ्या मजल्यावर."

पंचफुलानं भिंतीला हात लावला. मीच ओरडले, "खाली म्हणला होतात तुम्ही!"

व्यंकटरावला खरंच काही कळलं न्हाई. त्यानं वर जाऊन धाडकन दार उघडलं आन जिन्यावरून आम्हालाच बोलावलं, "खालीच हाय की वो! या, बघा आत, कुणाची एक वाटी तरी हाय का!"

मला हसू आलं. खोटं कशाला बोलू, आलं. पण पंचफुला मटकन पायरीवर बसली आन माझं हसू तोंडातच राहिलं. ती नुस्ती म्हणायली, "माय कशी चढंल? शिवकन्या, माय कशी चढंल?" पुढं सगळा वेळ हेच. बोर्डावर बसायची आन आडत दुकानाची लाईन डॉक्टरांच्या घरी जोडायची. तिकडून डॉक्टर ओरडायले, इकडून करडईचा भाव ऐकू यायला. मी तिच्या बाजूच्या दोऱ्या सांभाळत बसायचे. जेवण तुटलं, गाल बसले. संक्रांत तोंडावर आलेली, जुना घरमालक रोज खाकरून जायचा. घर फिरवून दुसरं घ्यावं, तर खालचं एक बाकी न्हाई. आन सगळ्यात वाईट म्हणजे मायला तिनं सांगितलंच न्हाई. म्हातारी रिकाम्या डबड्याला खिळ्यानं भोकं पाडायली होती, मोगऱ्यासाठी.

"सांगून टाक," मी म्हणायचे.

"सांगितलं तर ती म्हणंल, मला गावाकडं नेऊन सोड, तू राहा सुखानं. मला मालूम हाय तिचं."

मंग मीच उठले आन शंकरप्पाच्या बायकोला, दानम्माला भेटले. निलंग्याकडची बाई, धिप्पाड, बोलण्यात अर्धी कानडी. मी सगळं सांगितलं. खाली-खालीचा घोळ ऐकून ती पदर तोंडाला लावून एवढी हसली की डोळ्यांतून पाणी. मंग पदरानंच डोळे पुसले. म्हणली, "अय्यो, म्हातारी कशी चढावी ते? आमच्या पायाला काय धाड भरलीय? आम्ही जातो वर."

शंकरप्पा तयार न्हवता. त्याचंबी चूक न्हवतं. खाली तेलाचे डबे ठेवायची सोय, आन नळाचं पाणी दुष्काळात वर चढत न्हवतं. आठवड्यात एखाद्या वेळी नळ यायचा, तोबी अंगणातल्या हौदात. वर राहायचं म्हणजे घागरी वाहायच्या. पण दानम्मा हट्टाला पेटली. त्याच्याशी बोलणंच बंद केलं तिनं, आन एवढी बोलणारी बायको गप्प झाली म्हणल्यावर गडी घाबरला. कुरकुरत का होईना, अदलाबदलीला हो म्हणला.

मी ही बातमी ड्युटीवर दिली तर पंचफुलानं हेडफोन काढला आन रडली. लाईनवर कोण बिचारा हॅलो हॅलो करायला होता, कुणास ठाऊक.

सामान हलवलं त्या दिवशी ऑटोतून नागुबाई उतरली. मांडीवर बाबासाहेबांचा फोटो, काखेत मोगऱ्याचं डबडं. दानम्मा दारात उभी, घर झाडून, दारात पाणी शिंपडून. ते शिंपडायचं पाणी तिनं कुठून वाचवलं तिलाच ठाऊक. म्हणली, "या नागुबाई, या, तुमचंच घर हाय."

नागुबाई आत आली, बसली. तिची नजर लई तिखट. कोपऱ्यात शंकरप्पाचे तेलाचे डबे अजून तसेच होते, भिंतीवर त्यांच्या महाराजांचा फोटो लावलेला होता. तिनं पंचफुलाकडं बघितलं.

"फुला, हे घर कुणाचं हाय?"

"आपलंच हाय माय."

"कागदावर कुणाचं हाय?"

पंचफुलानं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. मंग तिनं सगळं सांगितलं, व्यंकटरावपासून शंकरप्पापर्यंत. सांगताना प्रत्येक वाक्य दोनदा. मला वाटलं, आता म्हातारी गावाकडं सोड म्हणंल.

नागुबाईनं डबड्याच्या भोकांतून बोट फिरवलं. मंग म्हणली, "म्हणजे आपलं वर हाय?"

"हाव, पण माय..."

"तिसऱ्यावर?"

"हाव."

"त्याच्यावर कुणी हाय?"

"न्हाई. गच्ची हाय नुस्ती."

"मंग मला वर ने."

आम्ही तिघी एकदमच बोलायला लागलो. पाय, जिना, पाणी, म्हातारपण. नागुबाईनं हात वर केला. "गावात आमची वस्ती खाली. गावाचं सगळं घाण पाणी आमच्याकडं वाहत यायचं. आडावर गेलं तर खाली थांब. कुणाला दया आली तर शेंदून वरून वतायचं. वाड्यावर गेलं तर खाली बस, ताट खाली ठेव. माझा जन्म खाली गेला गं. आता लेकीनं वर घेतलंय, आन मी पुन्हा खाली राहू? दानम्मा, माय, तू सोन्यासारखी हायेस. पण तुझं घर तुला लखलाभ."

पंचफुला हात जोडून म्हणायली, "माय, तुला बाहेर पडता यायचं न्हाई, तू कोंडून जाशील." तर नागुबाई म्हणली, "ते मी बघते." झालं, विषय संपला. मी सांगते, असली म्हातारी घरात असली की पोरगी भित्रीच निघायची.

ती जिना बसून चढली. पाठ जिन्याकडं, तोंड आमच्याकडं. दोन्ही हात वरच्या पायरीवर टेकवायचे आन त्या खडी फोडलेल्या दंडावर सगळं अंग उचलायचं. चांगला पाय ती स्वतः वर घ्यायची. ताठलेला पाय मागं राहायचा. दुसऱ्याच पायरीवर तो अडकला तसा दानम्मानं खाली वाकून दोन्ही हातांनी उचलला आन वर ठेवला. मंग पायरी पायरीला तिनंच उचलला, शेवटपर्यंत. मधल्या मजल्यावरची माणसं दारात येऊन बघायली होती. नागुबाई प्रत्येकाला दम घेत सांगायली, "जयभीम बरं का. आम्ही वर राहायला आलोय." पंचफुला मागून फोटो घेऊन रडत येत होती. शेवटी शेवटी मीबी रडले, उगं कशाला लपवू?

पण हे सगळं एका दिवसाचं झालं. दुसऱ्या दिवसापासून पाणी. पंचफुला ड्युटीवरून यायची आन हौदावरून घागरी वाहायची. तीन मजले. भित्रेपणा तिचा आता पाण्यात शिरला. घागर भरली तरी झाकण उघडून बघायची, किती उरलं. बोर्डावर बसल्या बसल्या विचारायची, "आज नळ येईल का गं?" तिच्या हाताला फोड, कमरेत लचक. एकदा घागर घेऊन जिन्यावरच घसरली, कोपर फुटलं. त्या रात्री तिनं मायला म्हणलंच, "आपण चुकलो. दानम्मावैनी अजून तयार हायत. चल खाली."

सकाळी मी गेले तवा नागुबाई गॅलरीत बसली होती आन तिनं व्यंकटरावला बोलावून घेतलं होतं. होय, त्याच व्यंकटरावला. मोंढ्यात पोती वर चढवायची कप्पी असते, ती आन चांगला सोल, म्हणजे पाणी शेंदायचा दोर, तिनं त्याच्याकडून मागून घेतला. "तुझ्या एका शब्दानं माझी पोरगी मरायली, एवढं तरी कर," म्हणली. त्यानं मुकाट्यानं गॅलरीच्या वरच्या लोखंडाला कप्पी बांधून दिली. सोलाच्या टोकाला बादली. बादली खाली सोडली, गरगर फिरत हौदाच्या काठाला टेकली. खाली दानम्मा उभीच होती. तिनं तांब्या तांब्यानं बादली भरली आन वर बघून ओरडली, "हं, घ्या नागुबाई!"

पंचफुला पुढं झाली. "माय, सर, मी वढते. तुला कुठं येतंय? तू कधी शेंदलंस?"

बरोबर होतं तिचं. नागुबाईनं जन्मात आडातून पाणी शेंदलं न्हवतं. शेंदूच दिलं न्हवतं कुणी. लहानपणापासून ती आडाच्या ओट्याखाली घागर घेऊन उभी राहायची आन दुसऱ्याचा सोल वर येताना बघायची, बस्स.

तिनं लेकीला कोपरानं बाजूला सारलं. अधू पाय कठड्याला लावला आन सोल वढला. एक हात, मंग दुसरा हात. कप्पी करकरली. बादली पहिल्या मजल्यावरून आली, दुसऱ्या मजल्यावरून आली. मधल्या गॅलऱ्यांतली माणसं माना वर करून बघायली. पंचफुला माझा दंड धरून उभी, "सुटंल, सुटंल," म्हणत. बादली कठड्याशी आली. नागुबाईनं एका हातानं सोल धरला, दुसऱ्यानं बादली आत घेतली आन फरशीवर ठेवली. काठोकाठ भरलेली.

ती बादलीकडं बघत राहिली. मंग आमच्याकडं वळली, आन तोंडावर असा राग होता की मी तसा राग तिच्या तोंडावर कधी बघितला न्हवता.

"आगं," ती म्हणली, "एवढंच असतंय? मला वाटायचं लई काहीतरी अवघड असंल. हे तर कुणालाबी येतंय की गं."

खालून दानम्मानं हाक मारली, "नागुबाई, बादली खाली झाली का?"

नागुबाईनं पदरानं तोंड पुसलं, पाणी रांजणात ओतलं आन बादली पुन्हा कठड्यावरून सोडली. "झाली," ती म्हणली, "भर अजून."